सोनेरी कुंपण की मेंदीचे?

बेलपाडा मेट्रो स्टेशनवर उतरून खारघरच्या सोसायट्यांत गेले की पिवळसर पानांचे छाटलेले कुंपण हमखास दिसते. तो सोनेरी डुरांटा. विलायतेत सोनेरी प्रिव्हेट लावतात. आपल्या दमट हवेत ते काम हा करतो. पावसाळ्यात फांदी खोचली की लागते. दोन रोपांत फूटभर अंतर पुरे. ऊन मात्र भरपूर हवे, सावलीत पाने हिरवी पडतात. छाटताना तळ रुंद, माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही उजेड मिळतो.

छाटणीचा आळस नको. ती राहिली की जांभळी फुले आणि मग पिवळ्या फळांचे घोस येतात. ही फळे विषारी आहेत, पण पोरांना ती बोरांसारखी वाटतात! शाळेत आम्ही मुलांना हे घोस आधी ओळखायला शिकवतो.

घरात लहान मूल असेल तर आम्ही मेंदीच सुचवू. इंग्रजीत तिला ‘इजिप्शियन प्रिव्हेट’च म्हणतात. एकदा रुजली की पाणी कमी लागते, फुले सुवासिक असतात. छाटलेली पाने फेकू नका. सावलीत वाळवून वाटून ठेवा, ईदच्या चाँदरातीला घरचीच मेंदी होईल.