७९ आणि पुन्हा ७९

आदित्य सरवटेच्या नावापुढे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात दोनदा ७९ धावा लागल्या आहेत. पहिल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीविरुद्ध, विदर्भाकडून. दुसऱ्या २०२५ च्या फेब्रुवारीअखेर नागपूरजवळ जामठ्याला, केरळकडून, विदर्भाविरुद्ध. आकडा तोच, फलंदाज तोच, टोपी तेवढी बदललेली. त्या दुसऱ्या ७९ धावा चंद्रपुरात बसून पाहताना मला जे वाटलं ते अजून उतरलेलं नाही. विदर्भानं पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक जिंकला, फटाके फुटले, आणि मी मात्र त्या एका आकड्याशी अडून राहिलो.

मी स्कोअरर होतो. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली इथल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची पुस्तकं मी भरली आहेत. म्हणून संघ जिंकला की हरला यापेक्षा कुणी काय केलं, हे मला आधी पाहावंसं वाटतं. संघाची जीत चार दिवसांत सगळ्यांची होऊन जाते. एकट्या खेळाडूचा आकडा त्याचाच राहतो, आणि तो अंतिम सामन्यातला असेल तर त्याच्या गावाचाही राहतो.

विदर्भाच्या क्रिकेटचा आधीचा काळ मी भरभर उलटतो. १९५७-५८ मध्ये विदर्भ रणजीत उतरला आणि पुढची साठ वर्षं अंतिम सामना म्हणजे काय हे आम्ही दुसऱ्यांच्या सामन्यांतून शिकलो. मधली कित्येक वर्षं प्लेट गटात गेली. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. संघ हरायचा, वर्तमानपत्रात चार ओळी यायच्या आणि मुंबईच्या बातमीखाली त्या दबून जायच्या.

मुंबईच्या आकड्यांचं मात्र आम्हाला पाठांतर होतं. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर पद्माकर शिवलकरांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. ३४ धावांत १३. त्याच सामन्यात तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमनं मुंबईविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, रणजीच्या अंतिम सामन्यातली पहिली. शिवलकरांना कसोटी कधीच मिळाली नाही, पण ते दोन आकडे कुणी त्यांच्याकडून काढून घेऊ शकलं नाही. ३ मार्च २०२५ रोजी ते गेले. विदर्भानं केरळविरुद्ध करंडक उचलला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्या सकाळी आमच्याकडे विजयाच्या गप्पा चालल्या होत्या आणि मला ८-१६ आठवत होतं.

महाविद्यालयीन क्रिकेटचंही तसंच. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडकात अजित वाडेकरांनी ३२४ काढल्या, पुढे सुनील गावसकरांनी ३२७ काढून तो विक्रम मोडला. कॉलेजातल्या पोरांनी केलेल्या धावा, आणि अर्धशतकानंतरही बिनचूक सांगता येतात. त्या सांगता येतात कारण मुंबईत कुणीतरी ते पुस्तक भरलं, जपलं, छापलं. हे मी नीट लक्षात ठेवलं आहे, कारण पुढे मला त्यावरच बोलायचं आहे.

आता विदर्भ अंतिम सामने खेळू लागला त्या काळाकडे येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

२९ डिसेंबर २०१७, इंदूरचा अंतिम सामना. फैज फझलचा संघ, चंद्रकांत पंडितांची शिस्त, समोर ऋषभ पंतची दिल्ली. त्याआधी कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर, कर्नाटकाला पाच धावांनी हरवून विदर्भ तिथवर पोहोचला होता आणि त्या सामन्यात रजनीश गुरबानीनं बारा बळी घेतले होते. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला हा मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीचा ध्रुव शोरी शतक करून खेळत होता आणि दिल्ली तीनशेच्या पुढे जाणार असं दिसत होतं. गुरबानीनं विकास मिश्राचा त्रिफळा उडवला. लगेच नवदीप सैनीचा. षटक संपलं. पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर १४५ वर खेळणाऱ्या शोरीचा त्रिफळा.

हे स्कोअरबुकात कसं दिसतं ते सांगतो. गोलंदाजाच्या ओळीत प्रत्येक षटकाला एक चौकोन असतो. या हॅट्ट्रिकसाठी एका चौकोनाच्या शेवटी दोन डब्ल्यू येतात आणि पुढच्या चौकोनाच्या सुरुवातीला तिसरा. मध्ये समोरच्या टोकाचं षटक दुसऱ्या गोलंदाजाच्या ओळीत भरायचं असतं. म्हणजे स्कोअररला हात थांबवावा लागतो, पान खालवर पाहावं लागतं, आणि त्या एका षटकात त्याला माहीत असतं की आता पुढचा चेंडू काय होऊ शकतो. फलंदाजीच्या पानावर तीन ओळींपुढे एकाखाली एक ‘त्रि. गो. गुरबानी’. तीनही त्रिफळे, झेल-पायचीतचा वाद नाही, पंचाच्या बोटाचा संबंध नाही. कल्याणसुंदरमनंतर पंचेचाळीस वर्षांनी रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक लिहिली गेली, आणि ती विदर्भाच्या पोट्ट्याची होती. २४.४ षटकं, ५९ धावा, ६ बळी. दिल्ली सर्वबाद २९५.

मग अक्षय वाडकरनं १३३ काढल्या, प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलंच शतक, तेही अंतिम सामन्यात. सरवटेच्या ७९, सिद्धेश नेरळच्या ७४. विदर्भ ५४७. नववर्षाच्या पहिल्या दिवशी नऊ गडी राखून विजय.

त्यानंतर जे ऐकावं लागलं त्याचा हिशेब मला अजून चुकता करायचा आहे. ‘विदर्भ भाड्याच्या खेळाडूंवर जिंकला’ असं किती जणांनी म्हटलं. वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकाचा, प्रशिक्षक मुंबईचा. अहो, धावफलक उघडा ना. जाफरच्या ७८ मोलाच्या होत्या, कबूल. चाळिशीत त्यानं पुढे जामठ्याला इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६ काढल्या आणि विदर्भानं ७ बाद ८०० वर डाव घोषित केला, तेही डोक्यावर घ्यावं असंच. पण अंतिम सामन्यातली हॅट्ट्रिक कुणाची? शतक कुणाचं? सामनावीर कोण? पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, सौराष्ट्राविरुद्ध अकरा बळी कुणी घेतले? सरवटेनं. पहिल्या डावात ९८ धावांत ५, दुसऱ्यात ५९ धावांत ६. चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याचाच बळी, एकदा १ वर, एकदा शून्यावर. वर दुसऱ्या डावात संघ २०० वर आटोपला तेव्हा त्यातल्या ४९ धावा त्याच्या. विदर्भ ७८ धावांनी जिंकला. लागोपाठच्या दोन अंतिम सामन्यांत विदर्भाच्या दोन गोलंदाजांनी ५९ धावांत ६ बळी घेतले, आणि दोघेही इथेच घडलेले. २०२५ चा सामनावीर दानिश मालेवार, १५३ आणि ७३. तोही नागपूरचाच. तीन करंडक, तीन सामनावीर, तिन्ही घरचे. भाड्याचं काय होतं मग?

आणि २०२४ चा हरलेला अंतिम सामनाही मी सोडणार नाही. वानखेडेवर मुंबईनं ५३८ चं लक्ष्य दिलं होतं. पहिल्या डावात १०५ वर बाद झालेल्या संघानं चौथ्या डावात ३६८ काढल्या. कर्णधार वाडकरच्या १०२, करुण नायरच्या ७४, हर्ष दुबेच्या ६५. १६९ धावांनी हरलो. दोन अंतिम सामन्यांत दोन शतकं करणाऱ्या या यष्टिरक्षकाचं नाव महाराष्ट्रात रस्त्यावर विचारलं तर किती जण सांगतील, याची मला खात्री नाही, आणि त्याचा मला राग येतो.

२०२४-२५ मध्ये हर्ष दुबेनं एका मोसमात ६९ बळी घेतले. बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ चा ६४ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमननं ६८ घेऊन मोडला होता, दुबेनं त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. आणि अक्षय कर्णेवार? वर्धा नदीपल्याड, आमच्या शेजारच्या पांढरकवड्याचा. दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुश्ताक अली करंडकात मणिपूरविरुद्ध त्यानं चार षटकं टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. ४-४-०-२. टी-ट्वेंटीत चारही षटकं निर्धाव असं त्याआधी कुणी केलं नव्हतं. स्कोअरर निर्धाव षटकाचे ठिपके जोडून त्याचा एम करतात. चारही चौकोन जोडून टाकायचे, असं पान मी आयुष्यात कधी भरलं नाही.

हे सगळं आठवल्यावर २०२५ चा अंतिम सामना पाहा. गुरबानी आता महाराष्ट्राकडून खेळतो. त्यानं त्रिफळा उडवलेला ध्रुव शोरी त्या सामन्यात विदर्भाच्या संघात. अकरा बळींचा सरवटे केरळकडून, आणि केरळ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात. नायर दोन डावांत ८६ आणि १३५ करून गेला आणि मोसम संपल्यावर कर्नाटकाकडे परतला. खेळाडूनं जिथे खेळायला मिळेल तिथे जावं, त्यात गैर काही नाही, आणि सरवटेला मी दोष देत नाही. त्या १८५ चेंडूंत तो जसा खेळला तसं आमच्याकडून खेळत असता तर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या. मला सलतं ते वेगळं. तो बाद झाला तेव्हा मैदानातल्या कुणीही, समालोचनात कुणीही, मोठ्यानं सांगितलं नाही की हाच आकडा याच माणसानं आमच्यासाठी काढला होता. सात वर्षांत विसरले. आणि तेही नागपुरात.

नागपुरात विसरतात, पण तिथे निदान पुस्तक असतं. ज्याला शोधायचं त्याला सापडतं. आमच्या जंगलपट्ट्यात काय आहे?

२०११ पर्यंत आमची सगळी महाविद्यालयं नागपूर विद्यापीठात होती. अहेरी-आलापल्लीची पोरं रात्रीच्या एसटीनं निघायची, चंद्रपूरला किंवा नागपूरला सकाळी उतरायची आणि तशीच मॅटिंगवर खेळायला उभी राहायची. त्यांच्यात एक डावखुरा होता, चामोर्शीकडचा. विभागीय अंतिम सामन्यात त्यानं एकट्यानं समोरचा संघ उडवला. कोळशाच्या गावातलं मैदान, डिसेंबरचं ऊन, मॅटिंगच्या कडेला लावलेले खिळे वर येत होते म्हणून मध्येच खेळ थांबवून हातोडीनं ठोकलेले. चेंडू पडला की पांढऱ्या पँटीवर काळी धूळ उडायची. ते पुस्तक मी भरलं होतं. तो सामना खेळलेले आज चंद्रपुरात भेटतात तेव्हा एक म्हणतो, ‘भाऊ, आठ घेतले होते ना त्यानं?’ दुसरा म्हणतो, ‘नाही जी, नऊ.’ मला आठ आठवतात. किती धावांत, ते आता कुणालाच सांगता येत नाही. महाविद्यालयाचं कार्यालय दुसऱ्या इमारतीत हललं तेव्हा क्रीडा विभागाची जुनी पुस्तकं रद्दीत गेली. ती मागायला मी गेलो होतो तेव्हा तिथल्या लिपिकानं अगदी सहज सांगितलं, वजनावर दिली. त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तो गोलंदाज गुरबानीसारखा झाला असता असं मी म्हणत नाही. त्यानं एका अंतिम सामन्यात जे केलं ते त्याचं होतं, आणि ते त्याच्याकडून गेलं, एवढंच म्हणतो. ज्यांना शिवलकरांचे आकडे पाठ आहेत त्यांनाही त्याचा आकडा देता येत नाही. दरवर्षी तो गप्पांत थोडा वाढतो, आणि जितका वाढतो तितका खोटा वाटायला लागतो.

२०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, गडचिरोलीला. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचं स्वतःचं विद्यापीठ. मला तेव्हा खरंच आनंद झाला होता. नागपूरच्या गर्दीत आमची पोरं दिसत नव्हती, आता निदान आपल्या घरात तरी दिसतील. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गडचिरोलीत होतील, सिरोंच्याच्या मुलाला नागपूरपर्यंत जावं लागणार नाही.

आता माझी मागणी सांगतो. या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन क्रिकेटच्या प्रत्येक अंतिम सामन्याचं स्कोअरबुक, आणि कबड्डी-खोखोच्या गुणपत्रिकाही, विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखल क्रमांक देऊन ठेवाव्यात. एक लोखंडी कपाट पुरेल. स्कोअररची सही, पंचांची सही, खेळाडूचं पूर्ण नाव आणि त्याचं गाव. संगणकावर चढवायचं तर जरूर चढवा, पण मूळ पान फेकू नका. ज्यांच्या घरी जुनी पुस्तकं पडली असतील त्यांनीही ती तिथे द्यावीत. मूल, वरोरा, देसाईगंज इथल्या माजी खेळाडूंशी मी स्वतः बोलतो आहे. आणि येत्या मोसमातला अंतिम सामना जिथे कुठे होईल तिथे, कुणी बसू दिलं तर, पुस्तक भरायला मी येईन.