शिष्यवृत्ती म्हणजे नेमकं काय द्यायचं?

आज लोणावळ्यात बोलायचं म्हटल्यावर पहिल्यांदा एक शब्द घेऊ. शिष्यवृत्ती. ‘वृत्ती’ला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, उपजीविका, भटजींना, कीर्तनकारांना वृत्ती असे. दुसरा, मनाची ठेवण. चित्तवृत्ती हा शब्द या गावाला नवा नाही, 1924 पासून इथे कैवल्यधाम आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्दाला चिकटून बसायची खोड आहे, ती सांभाळून घ्या. पण आजचा सगळा विषय या दोन अर्थांच्या मधे आहे. शिष्याची मनाची ठेवण टिकायची असेल तर आधी त्याच्या पोटाची सोय लागते.

विष्णु दिगंबर पलुस्करांचंच बघा. कुरुंदवाडचा हा मुलगा, फटाक्याच्या अपघातात डोळ्यांना इजा झाली, शाळा संपली. मिरजेच्या संस्थानिकांनी त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. 1896 पर्यंत तो तिथे होता. म्हणजे संस्थानाने काही महिन्यांची फी भरली नाही, वर्षंच्या वर्षं दिली. आणि दिली कोणाला? ज्याचं नाव अजून कोणालाच माहीत नव्हतं, अशा मुलाला.

पुढे पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तीच गोष्ट उलट्या बाजूने केली. त्यांच्या उपदेशक वर्गात मुलांचं राहणं, जेवण, शिक्षण संस्थेकडे; बदल्यात मुलांनी बरीच वर्षं शिकायचं आणि पुढे शिकवायचं. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही सगळी त्यांची शिष्यमंडळी. हिशेब मात्र जुळला नाही. कर्ज वाढत गेलं आणि मुंबईची इमारत हातातून गेली. इमारत गेली, शिष्य राहिले. आता हा व्यवहार तोट्याचा म्हणायचा का, ते तुम्ही ठरवा.

आज संस्थानिक नाहीत, योजना आहेत. केंद्र सरकारच्या सीसीआरटीची योजना 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी. वर्षाला 3,600 रुपये आणि वर शिकवणीची फी ठरावीक मर्यादेत. सांस्कृतिक मंत्रालयाची दुसरी, 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी. दरमहा 5,000, दोन वर्षं. राज्य सरकारनेही पं. भीमसेन जोशींच्या नावाने तरुण गायक-वादकांना शिष्यवृत्ती ठेवली आहे. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी वेगळी. तिथे शिष्य गुरूजवळ राहतो आणि विद्यावेतनही मिळतं. आपले उल्हास कशाळकर तिथे अनेक वर्षं गुरू होते.

या सगळ्याची मदत होते, नाही असं नाही. पण दोन वर्षांत ख्याल येतो का हो? ऑपेरावाल्यांना हे कळलेलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराने 1980 पासून तरुण गायकांसाठी कार्यक्रम चालवला आहे. त्यात पैसे तर मिळतातच, शिवाय इटालियन-जर्मन उच्चार, अभिनय शिकवतात आणि रंगमंचावर लहान भूमिका देतात. आवाज पिकायला वेळ लागतो, तोवर त्या माणसाला दुसऱ्या नोकरीत पाठवायचं नाही, हे त्यामागचं गणित.

आता मावळात येऊ. इथे गाणं नाही असं कोणी म्हणू नये. गावोगाव भजनी मंडळं आहेत, पखवाज आहे, पोरं तालात वाढतात. अडतं पुढे. तालमीसाठी पुण्याला जायचं तर लोणावळ्याहून लोकलने जवळजवळ दीड तास, परत तेवढाच. दुपारी गाड्यांत मोठा खंड. म्हणजे तासाभराच्या शिकवणीला अर्धा दिवस जातो. आणि हे विशीत, जेव्हा घरचे म्हणत असतात, आता चार पैसे आण.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका निवड समितीवर होतो. नाव सांगत नाही. कामशेतच्या पलीकडच्या गावातली एक मुलगी आली होती, वडिलांच्या भजनात वाढलेली. सूर असा लागला की समितीतली मंडळी लिहायची थांबली. पण राग जेमतेम चार, ताना कच्च्या. आम्ही शेरा लिहिला, ‘तयारी कमी.’ शिष्यवृत्ती गेली पुण्यातल्या एका मुलाकडे. गुणी मुलगा, प्रश्नच नाही. पण त्याच्या घरी तबलजी येत होता. म्हणजे तयारी व्हावी म्हणून जे पैसे होते, ते तयारी झालेल्याला दिले. नियमात बसत होतं सगळं. ती मुलगी नंतर तळेगावला कंपनीत शिफ्टमध्ये लागली, एवढं कळलं. गाते का, हे विचारायचा धीर आम्हाला झाला नाही.

तळेगावचं नाव निघालं म्हणून सांगतो. 1908 मध्ये तिथे काचेचा कारखाना उभा राहिला, पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना, टिळकांचा पाठिंबा. माणशी वर्षाला एक पैसा. कारखान्याने काच केली, पण त्याहून मोठं म्हणजे काच करणारी माणसं शिकवून तयार केली. त्यातली कितीतरी पुढे इतर ठिकाणच्या कारखान्यांत गेली. शिकणाऱ्याचा खर्च हजारोंनी मिळून उचलायचा, हे मावळात एकदा होऊन गेलेलं आहे.

महिना 5,000 धरले तर वर्षाचे 60,000. तीनशे घरांनी वर्षाला दोनशे रुपये दिले तर एका मुलीचं एक वर्ष निघतं. अट एकच असावी, पाच वर्षं हात काढायचा नाही. आणि निवडताना किती राग येतात हे शेवटी विचारायचं. आधी सूर ऐकायचा, मग घरी रियाजाला जागा आहे का, लोकल कितीची पकडावी लागते, हे विचारायचं.

मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे. विचारा, काका. मध्येच लग्न झालं तर पैसे बुडाले का, हेच ना? बुडाले कसे? ती जिथे जाईल तिथे चार मुलांना सा लावायला शिकवेलच की. पुढचा प्रश्न घेऊ.