दोष मागच्या रॉडमध्ये

नव्वदच्या दशकातली टोयोटा कोरोला सेडान सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग किंचित वाकडं धरायला लावते, तेव्हा संशय पुढच्या चाकांवर जातो. दोष बऱ्याचदा मागे असतो. तिथे प्रत्येक चाक दोन आडव्या रॉडनी धरलेलं असतं. त्यांतल्या मागच्या रॉडची लांबी कमीजास्त करता येते. रॉडचे रबरी बुश चिरले की चाक तिरकं होतं. हा तिरकेपणा नुसता अर्धा अंश असला, तरी टायर दर किलोमीटरला सुमारे ९ मीटर आडवा घासतो. टायरवरून हात फिरवला तर कडेला करवतीसारखे दाते लागतात.

नवा रॉड बसवण्याआधी जुन्याची लांबी, एका बोल्टाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, मोजून नवा तेवढाच ठेवावा. अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी नीट पोचते. एक गोष्ट मात्र आग्रहानं सांगेन: बोल्ट पक्के आवळायचे ते चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच. चाक लटकत असताना आवळले, तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. अलाइनमेंटही आधी मागची करून घ्यावी. गाडीची दिशा मागची चाकं ठरवतात, पुढची त्यांना जुळवायची असतात.