आठव्या दिवशीचे नाव

सामाजी हसाजी दिवेकर. हे नाव वाचून वाचकहो, आपल्याला काय वाटले? कोकणातला कोणी खोत किंवा पाटील असावा, असेच ना? पण हे गृहस्थ यहुदी होते. त्यांचे मूळ हिब्रू नाव शमुएल, वडिलांचे यहेज्केल. मुंबईत बेने इस्राएल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर त्यांनी १७९६ साली बांधले.

बेने इस्राएल म्हणजे आपल्या रायगड, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातलीच माणसे. शेती करणारी, तेलाचे घाणे चालवणारी. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावेही गावांवरून पडलेली : किहीमकर, पेणकर, नवगावकर, अष्टमकर. १९४८ नंतर त्यांतली पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली. इथे आता थोडीच राहिली. अशा घरात मुलगा जन्मला, की त्याचे नाव काय ठेवायचे हा प्रश्न साधा राहत नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेला एक धागा त्या नावातून पुढे जायचा असतो.

मुलगा निरोगी असेल तर आठव्या दिवशी त्याची सुंता होते आणि त्याच वेळी त्याचे हिब्रू नाव उच्चारले जाते. ‘बेन’ म्हणजे मुलगा. दाऊदचा मुलगा शमुएल असेल तर ‘शमुएल बेन दाऊद’. धर्मग्रंथाच्या वाचनाला याच नावाने बोलावतात, लग्नाच्या करारात हेच लिहितात आणि शेवटी थडग्यावरही हेच कोरतात. तेव्हा नाव निवडताना चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अर्थाची. हिब्रू नाव म्हणजे पुष्कळदा एक छोटे वाक्यच असते. ‘एल’ म्हणजे देव. नथानेल म्हणजे देवाने दिले. यहेज्केल म्हणजे देव बळ देतो. इसहाक म्हणजे तो हसेल. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून त्याच्या आईला हसू आले होते. हायिम म्हणजे जीवन. शेतकऱ्याला जवळचे वाटावे असे नाव आमोस. हा संदेष्टा मेंढपाळ होता आणि आपल्या उंबराच्या भाऊबंदांपैकी असलेल्या एका झाडाची निगा राखत असे. त्या झाडाच्या कच्च्या फळांना चीर दिली की ती लवकर पिकतात, ही तिकडची जुनी रीत.

बिन्यामिनाची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाळंतपणात प्राण जात असताना आईने त्याला ‘माझ्या दुःखाचा मुलगा’ असे नाव दिले. बापाने ते बदलून ‘उजव्या हाताचा मुलगा’ केले. दुःख आईबापांचे, ते लेकराच्या गळ्यात आयुष्यभर कशाला बांधायचे? आपल्याकडे सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना २०११ साली नवी नावे देण्यात आली, ती याच विचाराने.

दुसरी गोष्ट पूर्वजांची. युरोपातले यहुदी सहसा हयात नातलगाचे नाव मुलाला देत नाहीत, दिवंगताचेच देतात. भूमध्य समुद्राकाठच्या आणि पश्चिम आशियातल्या अनेक यहुदी घरांत मात्र जिवंत आजोबांचे नाव नातवाला देणे हा मान समजतात. आपल्या घराची रीत कोणती, हे वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट जिभेची. कोकणात शमुएलचा सामाजी झाला, अब्राहमचा आबाजी, बिन्यामिनचा बुनाजी. नावे इथल्या तोंडी रुळली म्हणून तर ती टिकली. तेव्हा आजीला हाक मारता येईल असेच नाव निवडावे. हाकेचे रूप मराठमोळे झाले तरी बिघडत नाही, मूळ रूप घरात माहीत असले म्हणजे झाले.

चौथी गोष्ट कागदाची, आणि ती सर्वच शेतकरी घरांना लागू आहे. सातबाऱ्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे, असे झाले की वारसनोंदीच्या वेळी हेलपाटे पडतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. त्या वेळी नाव ठरले नसेल तर ते पुढे घालता येते. वर्षाच्या आत त्याला शुल्कही पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखलाच प्रमाण आहे, म्हणून अक्षर न् अक्षर तपासून घ्यावे. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव येते. यहुदी रीतीतही आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याच्या आईचेच नाव घेतात.

एक काम मात्र आजच करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि पणजोबा-खापरपणजोबांची हिब्रू नावे, त्यांची हाकेची रूपे आणि अर्थ एका वहीत लिहून काढा. बियाणे राखून ठेवले तरच पुढच्या हंगामात पेरता येते. ती माणसे गेली, की सामाजी म्हणजे शमुएल हे सांगायला घरात कोणी उरणार नाही.