शहरात रुळण्याच्या तीन पायऱ्या



भातकापणी उरकून दिवाळी झाली, की पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवरून अनेक कुटुंबे वीटभट्टीवर आणि बांधकामावर निघतात. त्यांतली काही साकीनाक्याला येतात. “ही माणसे मुंबईत रुळतात कशी?” असे आपल्यापैकी पुष्कळ जण मला विचारतात. माझ्या पाहण्यात त्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि रूथच्या पुस्तकात त्या तिन्ही सापडतात.

पहिली पायरी ओळखीची. मवाबी रूथ परक्या बेथलेहेमात आली ती नामीच्या आधाराने. खैराणी रोडच्या गल्लीत खोली मिळते तीही आधी आलेल्या गाववाल्याच्या शब्दावर. आफ्रिकेतल्या लागोस शहरातही इग्बो लोकांची गावोगावची मंडळे नवख्याला असाच हात देतात.

दुसरी पायरी कामाची. रूथला बवाजाचे शेत मिळाले. आपल्या भावाला सकाळी नाक्यावर मुकादम मिळतो.

इथवर बहुतेक जण पोचतात. अडते ते तिसऱ्या पायरीवर. बवाजाने वेशीत वडीलजनांना साक्षी ठेवले, तेव्हा रूथ त्या गावची झाली. आजची वेस म्हणजे सरकारी कचेरी आणि साक्ष म्हणजे कागद. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा मुकादम असेल तर तो द्यायचा कोणी? मूल मुंबईत जन्मले तरी अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वी कुटुंब कुठे राहत होते, याचा पुरावा मागतात. आजोबांचा कागद सापडला नाही, तर नातवाची शिष्यवृत्ती अडते.

काही दारे मात्र उघडी आहेत. ती ठाऊक नसतात. कार्ड आधारशी जोडलेले असले, की गावच्या रेशनकार्डावर मुंबईतल्या दुकानातही धान्य मिळते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही.

म्हणून आपल्या दानाइतकीच गरज सोबतीची आहे. अर्ज वाचून दाखवणारा, झेरॉक्स जपून ठेवणारा, कचेरीच्या रांगेत शेजारी उभा राहणारा माणूस हवा. महिन्यातली एक सकाळ जो देऊ शकेल, त्याने आपल्या पाळकसाहेबांकडे नाव द्यावे, ही नम्र विनंती.