रक्तातली पातळी वाढली, आजार कमी झाला का?

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांच्या जाहिरातीत एक दावा हमखास असतो: गोळी सुरू केल्यावर शरीरातली अँटिऑक्सिडंटची पातळी वाढते. हा दावा कधी कधी खराही असतो. पण पातळी वाढणे वेगळे आणि आजार टळणे वेगळे. या दोहोंची गल्लत केली तर काय होते, ते फिनलंडमध्ये दिसून आले.

पेशीत ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनपासून काही अस्थिर, आक्रमक रेणू निर्माण होतात. त्यांतली मुक्त मूलके डीएनएला आणि पेशीच्या आवरणाला इजा करू शकतात. म्हातारपणाचे मूळ या मूलकांत असावे, अशी कल्पना डेनहॅम हरमन यांनी १९५६ मध्ये मांडली. गाजर, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, हेही पुढे अनेक पाहण्यांत आढळले. या भाज्यांत बीटा-कॅरोटिन असते, आणि ते अँटिऑक्सिडंट, म्हणजे अशा मूलकांना निष्प्रभ करू शकणारे द्रव्य आहे. मग तेच गोळीतून का देऊ नये?

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची गटांत वाटणी झाली. कोणाला रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, कोणाला ई जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही आणि कोणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण काय घेतो आहे, हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि देणाऱ्यालाही नव्हते. पाच ते आठ वर्षांनी हिशेब झाला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांच्या रक्तातली त्याची पातळी कित्येक पटींनी वाढली होती. फुप्फुसाचा कर्करोग मात्र त्यांच्यात १८ टक्के जास्त निघाला आणि मृत्यू ८ टक्के जास्त. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती याच प्रयोगातली आणखी एक नोंद. प्रयोगाच्या सुरुवातीला, गोळी पोटात जाण्यापूर्वी, ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन मुळातच जास्त होते, त्यांच्यात पुढे फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. म्हणजे जुन्या पाहण्या खोट्या नव्हत्या. भाजीचे श्रेय त्या एका रेणूला देणे चुकीचे होते. भाजी खाणाऱ्याचे बाकीचे खाणे आणि राहणीही वेगळी असते.

अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ जणांना घेऊन तसाच प्रयोग चालू होता. तिथे बीटा-कॅरोटिनसोबत अ जीवनसत्त्व दिले जात होते. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के वाढलेला दिसताच १९९६ मध्ये तो प्रयोग ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला.

शिवाय मुक्त मूलके म्हणजे नुसता कचरा नव्हे. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी अशा आक्रमक रेणूंचा वापर करतात. व्यायामानंतर स्नायूंना बदलण्याचा इशाराही त्यांच्याकडून मिळतो. २००९ च्या एका जर्मन प्रयोगात व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या तरुणांत व्यायामाने इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणा दिसली नाही.

सध्या ग्लुटाथिऑनच्या गोळ्या जोरात खपतात. हा अँटिऑक्सिडंट रेणू आपले शरीर स्वतःच बनवते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार आठवडे गोळ्या घेऊनही निरोगी माणसांत त्याच्या पातळीत फरक आढळला नाही. पुढे सहा महिन्यांच्या प्रयोगात पातळी वाढली, पण त्यामुळे आजार कमी होतात का, हे त्यात तपासलेच नव्हते.

सगळ्याच गोळ्या निरुपयोगी नाहीत. डोळ्यांच्या दृष्टिपटलाच्या एका आजारात ठरावीक मिश्रणाने त्याची वाढ मंदावते. पण तेही संबंधित रुग्णांवर वर्षानुवर्षे तपासून सिद्ध झाले आहे.

तेव्हा पुढच्या वेळी डबा हातात घ्याल, तेव्हा विचारा: हे किती माणसांवर तपासले, किती वर्षे, कशाशी तुलना करून, आणि शेवटी मोजले ते रक्त की आजार? तुम्ही विडी-सिगारेट ओढत असाल तर बीटा-कॅरोटिनची गोळी घेऊच नका. कर्करोगावर उपचार चालू असतील तर कोणतीही अँटिऑक्सिडंट गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.