'जिद्दीला सलाम'च्या पलीकडे : माध्यमांच्या वर्गात अपंगत्व शिकवताना

दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक बातमी हमखास असते. दृष्टिहीन किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने चांगले गुण मिळवलेले असतात, आई पेढा भरवत असल्याचा फोटो असतो आणि मथळ्यात 'मात', 'जिद्द', 'सलाम' यांपैकी एक तरी शब्द असतो. त्या मुलाला लेखनिक वेळेवर मिळाला का, पुस्तकं ब्रेलमध्ये किंवा ऑडिओत जूनमध्ये आली की सहामाहीनंतर, अकरावीला जिथे जायचं त्या महाविद्यालयात रॅम्प आहे का, यातलं काहीही बातमीत सापडत नाही. वार्ताहराने ती आपुलकीनेच लिहिलेली असते. वेगळं कसं लिहायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गुन्हेवार्ता, विधिमंडळ, क्रीडा, बाजारपेठ यांचं वार्तांकन शिकवलं जातं. अपंगत्वाचा विषय मात्र बहुधा ३ डिसेंबरच्या, जागतिक अपंग दिनाच्या एखाद्या व्याख्यानात आटोपतो. वास्तविक भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्ती हक्क कराराचं आठवं कलम माध्यमांतल्या चित्रणाबद्दल थेट बोलतं. आपल्या २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं ३९ वं कलम शाळा, महाविद्यालयं, विद्यापीठं आणि व्यावसायिक प्रशिक्षण या सर्व पातळ्यांवर या विषयाची जाण निर्माण करायला सांगतं. तरीही वर्गात हा विषय काढला की विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघांच्याही मनात काही समजुती घट्ट रुजलेल्या दिसतात.

'हा मोजक्या लोकांचा विषय आहे'

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांतल्या २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मात्र जगात सुमारे १३० कोटी माणसं, म्हणजे दर सहांमध्ये एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. या दोन आकड्यांमधली दरी विद्यार्थ्यांसमोर ठेवावी. कुणाला मोजलं, प्रश्न काय विचारला, घरच्यांनी काय सांगितलंच नाही, हे तपासणं पत्रकाराचंच काम आहे.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. त्यांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन येतात, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तीही येतात. गडचिरोली किंवा नंदुरबारहून सिकलसेलची बातमी येते ती केवळ आरोग्याची म्हणून. सिकलसेल असलेल्या मुलीला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं का, वेदनांमुळे शाळा बुडते तेव्हा शाळा काय करते, हे विचारायचं वार्ताहराला सुचतच नाही.

अपंगत्व बघताक्षणी ओळखू येतं, ही समजूतही याच्याच जोडीची. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरून वाद झाला. त्याची चौकशी होणं रास्तच होतं. पण पाठोपाठ अपंग प्रवर्गातून निवड झालेल्या इतर अधिकाऱ्यांचे फोटो आणि व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरू लागले, 'हे तर धडधाकट दिसतात' अशा शेऱ्यांसह. कमी ऐकू येणं किंवा एका बाजूचं न दिसणं फोटोत उमटत नाही. हे प्रकरण वर्गात तपशिलाने शिकवण्याजोगं आहे, कारण एका बातमीची झळ तिच्याशी संबंध नसलेल्या माणसांना कशी लागते, हे त्यात लख्ख दिसतं.

'बातमी प्रेरणादायी असली म्हणजे चांगलीच'

ही समजूत सर्वांत चिवट आहे, कारण तिच्यामागे हेतू चांगला असतो.

स्टेला यंग ही ऑस्ट्रेलियन पत्रकार व्हीलचेअर वापरायची. २०१४ च्या सिडनीतल्या भाषणात तिने सांगितलेली एक आठवण प्रत्येक पत्रकारिता विभागात ऐकवली जावी, असं मी म्हणेन. ती मेलबर्नमधल्या एका शाळेत कायद्याचा विषय शिकवत होती. वीसेक मिनिटं झाल्यावर एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, तुम्ही भाषण कधी सुरू करणार? व्हीलचेअरवरचं माणूस शाळेत येतं ते प्रेरणा द्यायलाच, हे त्या मुलाने गृहीत धरलं होतं. आपल्यासमोर आहे ती शिक्षिका, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. अपंग माणसाचं साधं जगणं दाखवून धडधाकट प्रेक्षकाला बरं वाटायला लावणाऱ्या चित्रांना स्टेलाने जाणूनबुजून पोर्नोग्राफीच्या पंक्तीत बसवलं. तिथे माणसाची वस्तू होते आणि लाभ बघणाऱ्याचा होतो, हे तिचं म्हणणं.

अंध आणि कर्णबधिर असलेल्या हेलन केलरचं उदाहरण याहून जुनं आणि बोचरं. आपल्याला ती लहानपणी पाण्याच्या पंपाशी शब्द शिकताना भेटते आणि तिथेच आपण तिला सोडतो. १९०४ मध्ये ती पदवीधर झाली. अंधत्वाच्या कारणांचा अभ्यास करताना तिला कारखान्यांतली धोकादायक परिस्थिती आणि दारिद्र्य दिसलं. १९०९ मध्ये ती अमेरिकेच्या समाजवादी पक्षात गेली, स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि कामगारांसाठी लिहू लागली. 'ब्रुकलिन ईगल' या वृत्तपत्राने लिहिलं की तिच्या चुका तिच्या शारीरिक मर्यादांतून आलेल्या आहेत. त्याच वृत्तपत्राच्या संपादकाने पूर्वी तिच्यावर स्तुतिसुमनं उधळली होती. १९१२ मध्ये केलरने या गोष्टीची जाहीरपणे आठवण करून दिली. ती धीराचं प्रतीक होती तोवर तिची बुद्धी असामान्य मानली गेली. तिने मत मांडलं आणि लगेच तिचे डोळे-कान मध्ये आले. कौतुक आणि उपेक्षा एकाच हातून कशी होते, हे समजायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

आपल्याकडे मुरलीकांत पेटकर आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे, सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडला. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला आणि त्यांच्या जिद्दीवर पुन्हा रकाने भरले. जिद्द खरीच आहे. पण चार दशकं हा माणूस क्रीडापानांवर का नव्हता, हे त्या पानांच्या संपादकांना विचारणारी बातमी मला वाचायला आवडली असती. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदकं मिळवली. खेळाडूचं तंत्र, गट, प्रशिक्षक, सरावाची सोय यांवर इतर कुठल्याही खेळाडूबद्दल लिहितो तसं लिहायला विद्यार्थ्याला भाग पाडावं. एफ-४६ हा गट म्हणजे काय, हे त्याला समजावता आलं पाहिजे.

'सहानुभूतीने दाखवलं की पुरे'

चित्रपटांत ठरीव साचे आहेत. 'अमर अकबर अँथनी'तल्या आईची दृष्टी साईबाबांच्या कृपेने परत येते. कथा सुखान्त व्हायची तर अपंगत्व जायलाच हवं, हा त्यामागचा हिशेब. 'मुझसे शादी करोगी'मध्ये कादर खान यांच्या पात्राला रोज नवं अपंगत्व येतं आणि प्रेक्षक हसतो. याविरुद्ध सई परांजपे यांचा 'स्पर्श' आजही वर्गात दाखवावा. त्यातला अंध मुख्याध्यापक मानी आहे, चिडका आहे, प्रेमात पडतो, चुकतो. दयेचा त्याला तिटकारा आहे, आणि त्या तिटकाऱ्यापायी तो स्वतःचं नुकसानही करून घेतो. पात्राला दोष असण्याची मुभा मिळाली की ते माणूस होतं.

अपंग पात्राची भूमिका कुणी करायची, हा प्रश्न विद्यार्थी हल्ली स्वतःच काढतात. 'चौकट राजा'तलं दिलीप प्रभावळकरांचं काम मराठी प्रेक्षक विसरलेला नाही, विसरूही नये. पण २०१४ च्या 'यलो'मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यानंतर 'त्यांना अभिनय कसा जमणार' ही सबब उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: निदान निवडचाचणीचं दार तरी उघडं हवं.

मग विनोद करायचाच नाही का? सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी 'आँख मिचौली' या चित्रपटाबाबत निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर निकाल देताना याचं उत्तर दिलं. अपंगत्वाबद्दलची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद वेगळा. न्यायालयाने चित्रपटात हस्तक्षेप केला नाही, पण हिणवणारे शब्द आणि साचेबद्ध चित्रण टाळावं, अपंग व्यक्तींना निर्मितीत सामील करून घ्यावं, लेखक-दिग्दर्शक-अभिनेत्यांना प्रशिक्षण द्यावं, असं सांगितलं. संज्ञापनाच्या विभागांसाठी हा निकाल पाठ्यपुस्तकाइतका उपयोगी आहे.

'डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर चाललं की कळतं'

संवेदना जागवायची म्हणून हा खेळ अनेक कार्यशाळांत घेतला जातो. हेतू भला, परिणाम उलटा. एरिएल सिल्व्हरमन या अंध मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं की पट्टी बांधून वावरलेल्या लोकांनी त्यानंतर अंध व्यक्तींची नोकरी करण्याची आणि स्वतंत्र राहण्याची क्षमता कमी लेखली. कारण उघड आहे. पट्टी बांधल्यावर पहिल्या तासाची भीती तेवढी अनुभवाला येते. काठीचं प्रशिक्षण, वर्षानुवर्षांचा सराव, स्क्रीन रीडरवरचा वेग यांचा त्यात मागमूस नसतो. विद्यार्थी धास्तावून बाहेर पडतो आणि कीव घेऊन लिहायला बसतो.

त्याऐवजी त्यांना मोजपट्टी घेऊन पाठवावं. आपल्याच विभागाच्या इमारतीत किती दारं व्हीलचेअर जाण्याइतकी रुंद आहेत, उद्‌वाहनात मजला बोलून सांगितला जातो का, मतदान केंद्रावर रॅम्पचा उतार केवढा आहे, एसटी स्थानकावरच्या घोषणा कर्णबधिर प्रवाशाला कशा कळतात. यातून बातम्या निघतात, त्यांना उत्तर देणारा अधिकारी सापडतो, आणि अडचण माणसाच्या शरीरात आहे की जिन्यात, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. प्रश्न त्या व्यक्तीला विचारावा, शेजारच्या आईला किंवा दुभाष्याला नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती मराठीचं हातवाऱ्यांतलं रूप नव्हे. दुभाषा सोबत असेल तर वेळ जास्त लागतो, तो आधीच राखून ठेवावा. आणि अपंगत्वाचा बातमीशी संबंध नसेल, समजा एखादी अंध वकील जमीन संपादनावर बोलत असेल, तर तिच्या अंधत्वाची कहाणी विचारू नये.

'सुगम्यता हे तांत्रिक विभागाचं काम आहे'

२०१६ च्या कायद्याचं ४२ वं कलम छापील, दृक्‌श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य असावा, दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांत ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षकं मिळावीत, असं सांगतं. २०२३ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या ओटीटी आवृत्तीसाठी अशा सोयी करायला सांगितल्या. तरी हे काम शेवटी कुणीतरी करेल, या भरवशावर सोडलं जातं.

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या अंकाची पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. अंध वाचकाला तिथे मराठी अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ ऐकू येतो. फोटो म्हणून पाठवलेलं प्रसिद्धिपत्रक आणि आलेखात कोंबलेले निवडणुकीचे आकडेही त्याच्यापुरते कोरेच. अपंगांच्या हक्कांवरचा विशेषांक अंध वाचकाला वाचता येऊ नये, हे सहन करण्यासारखं नाही.

म्हणून पहिल्या सत्रापासून नियम असावा: उपशीर्षकांशिवाय व्हिडिओ आणि वर्णनाशिवाय फोटो तपासायला घ्यायचा नाही. फोटोत काय आहे हे दोन वाक्यांत नेमकं लिहिणं कठीण असतं, आणि त्या सरावाने डोळस विद्यार्थ्याचंही बातमीलेखन सुधारतं. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थिनी असेल तर छायाचित्र-पत्रकारितेच्या पेपरातून तिला सूट देऊन मोकळं होऊ नये. सगळ्यांनी लिहिलेली वर्णनं संपादनासाठी तिच्याकडे द्यावीत, आणि तिला न कळलेलं प्रत्येक वाक्य पुन्हा लिहायला लावावं.